कारखाना तेरा महिने बंद होता, तेव्हा पोरांच्या छातीचं काय झालं?

केसपेपरखिडकी (रविवार, सकाळ)

सोलापुरातल्या एका रुग्णालयात मी केसपेपरच्या खिडकीत बसते. नाव, वय, पत्ता, तक्रार, वॉर्ड लिहायचं आणि पुढच्याला हाक मारायची. २१ वर्षं झाली. थंडीत गड्ड्याच्या जत्रेचे दिवस जवळ आले की खिडकीपुढची रांग बदलते. कानटोपी घातलेली, आईच्या खांद्यावर मान टाकलेली लेकरं वाढायला लागतात. काचेच्या अलीकडे बसूनसुद्धा त्यांच्या छातीतली घरघर ऐकू येते. परवा एका आईला मी सवयीने विचारलं, "तक्रार काय?" ती काही बोलली नाही, लेकराचा सदरा वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मी "खोकला, धाप" लिहिलं आणि आत पाठवलं.

आजवर वाटायचं, आपण लिहितो ते फक्त आतल्या डॉक्टरांसाठी. काही वर्षांनी रजिस्टरं गाठोड्यात बांधून वरच्या खोलीत जातात, तिथे वाळवी लागते, विषय संपला. माझी भाची पर्यावरणशास्त्र शिकते. तिने मला आर्डेन पोप या अमेरिकन संशोधकाचं काम समजावून सांगितलं, आणि तेव्हापासून त्या गाठोड्यांकडे बघवत नाही.

पोप डॉक्टर नाहीत, अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत, युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात. त्या युटा खोऱ्यात जिनिव्हा नावाचा मोठा पोलाद कारखाना होता. आजूबाजूला डोंगर. हिवाळ्यात थंड हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि धूर आतच कोंडतो. १ ऑगस्ट १९८६ ला कामगार आणि मालकांच्या वादात कारखाना बंद पडला. १ सप्टेंबर १९८७ ला नव्या मालकाने तो परत सुरू केला. मध्ये तेरा महिने, म्हणजे एक अख्खा हिवाळा भट्ट्या थंड.

पोप यांनी खोऱ्यातल्या रुग्णालयांच्या भरतीच्या नोंदी काढल्या. बंदच्या आधीच्या, बंदच्या काळातल्या आणि नंतरच्या. शेजारी त्याच महिन्यांतल्या हवेतल्या धुळीचे आकडे ठेवले. शाळेत जायच्या वयाआधीची मुलं ब्राँकायटिस-दम्याने भरती होण्याचं प्रमाण कारखाना चालू असताना बंदच्या काळापेक्षा जवळजवळ दुप्पट होतं. ज्या महिन्यांत २४ तासांची धूळ, म्हणजे पीएम १० (दहा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण), घनमीटरला १५० मायक्रोग्रॅमच्या वर गेली, त्या महिन्यांत मुलांची भरती जवळपास तिप्पट, आणि मोठ्यांची ४४ टक्क्यांनी जास्त. १९८९ आणि १९९१ साली हे प्रसिद्ध झालं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. माझ्यासारख्याच कोणीतरी खिडकीत बसून लिहिलेल्या वह्या होत्या.

माझे वडील कापडगिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. कुठल्या गिरणीत ते राहू दे. पाळी सुटून आले की भुवयांवर, कानाच्या पाळीवर, छातीच्या केसांत रुईचे तंतू. आई अंगणातच पंच्याने झटकायची, मग घरात घ्यायची. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्यांची छाती आवळायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटायचं. घरात म्हणायचे, सुट्टीचा आळस अंगात आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीच छाती भरणं ही बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराची खूण आहे, हे मला ते गेल्यावर कळलं. लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात नेमक्या याच दिवसाची विचारपूस करून त्या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. वडिलांच्या कागदावर मात्र दरवेळी "सर्दी-खोकला". दिवस कुठला, ते कोणी लिहिलंच नाही.

१८७७ च्या जुन्या गिरणीपासून आपल्या गावात भोंग्यावर घड्याळं लागायची. मग गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या वेळी हवेत काय बदललं, माणसांच्या छातीत काय बदललं, हे कुणाच्या वहीत उतरलंय का? जुने हजेरीपट, खासगी दवाखान्याची रजिस्टरं, कामगारांची कार्डं, काहीही. माहिती असेल त्यांनी इथे लिहा.


शेंगाचटणी

ताई, "सुट्टीचा आळस" हे शब्द आमच्या घरातही होते. आजोबा ब्लोरूमला, कापूस मोकळा करायच्या खात्यात. आजी त्यांना रोज पाळीला जाताना गुळाचा खडा द्यायची, गुळाने छातीतला कापूस उतरतो म्हणून. ते रात्री भिंतीला उशी लावून बसून झोपायचे. आडवं पडलं की धाप लागायची. आम्हा पोरांना वाटायचं, आजोबा असेच झोपतात.


टॉवेलवाला

धागा मनापासून वाचला. पण एक बोलतो ताई, राग मानू नका. "गिरणी बंद पडली आणि पोरं बरी झाली" हे सोलापुरात म्हणायला जड जातं. आमच्या चाळीत गिरणी बंद पडल्यावर आधी दूध बंद झालं. मग थोरल्या भावाची शाळा. तो मागावर बसला, बहीण विड्या वळायला बसली. वडील रोज सकाळी डबा नसतानाही गेटपर्यंत जाऊन परत यायचे. त्या वर्षी आमचा खोकला कमी झाला असेलही, मला आठवत नाही. भूक आठवते.

आज माझे आठ माग आहेत, टेरी टॉवेल काढतो. शेडमध्ये कापसाची पिंज उडते, मी नाही म्हणत नाही. संध्याकाळी बल्बभोवती बघितलं तर बर्फ पडल्यागत दिसतंय. पण उद्या असला अभ्यास दाखवून कोणी शेडला कुलूप लावा म्हणालं, तर दहा-बारा घरं बसतील. शास्त्रज्ञाच्या वहीत त्या घरांचा रकाना आहे का?


केसपेपरखिडकी

दादा, राग कसला. आमच्या घरीही गिरणी बंद पडल्यावर आईने मंगळसूत्राच्या वाट्या विकल्या होत्या. कारखाना बंद करा, असं मी म्हणत नाहीये. बंद-चालूच्या त्या तेरा महिन्यांमुळे एक गोष्ट उघडी पडली, जी एरवी रोजच्या धुरात दिसत नव्हती, एवढंच. तिथलीही हजारो माणसं त्याच कारखान्यावर पोट भरत होती आणि त्यांचीच पोरं रुग्णालयात होती. गिरणी चालू ठेवून वडिलांच्या खात्यात पिंज खेचणारी यंत्रणा लावता आली असती ना? वडिलांना पगार हवा होता आणि श्वासही हवा होता.

तुमच्या शेडमध्ये माग साफ कसा करता? कॉम्प्रेसरच्या हवेने पिंज उडवता का?


टॉवेलवाला

हो, पाइप लावून हवा मारतो. सगळेच मारतात. दहा मिनिटांत माग चकाचक होतो.


हवामापक

केसपेपरखिडकी माझी मावशी. तिने वर जे विचारलंय त्याचं उत्तर देते. काका, हवा मारली की मागावरची पिंज जात नाही, शेडभर उडते आणि तास-दोन तास तरंगत राहते. जड तंतू खाली बसतात. जे डोळ्यांना दिसत नाहीत ते बारीक कण कामगार ओढत राहतात. व्हॅक्यूमने ओढून घेणं किंवा ओल्या फडक्याने पुसणं याने पिंज तीच निघते, पण छातीत जात नाही. हवाच मारायची असेल तर पाळी सुटल्यावर, माणसं बाहेर गेल्यावर, नाकाला नीट बसणारा मास्क लावून एकाच माणसाने. यात शेडला कुलूप कुठेच लागत नाही.


आकडेमोड

मी बँकेत होतो, आकड्यांवर माझा एकदम विश्वास बसत नाही, म्हणून विचारतो. बंदच्या त्या एका हिवाळ्यात थंडी कमी असेल. किंवा मुलांच्या तापाची साथच आली नसेल. एका गावाच्या एका हिवाळ्यावरून केवढं मोठं म्हणणं मांडायचं? शिवाय बाप सिगारेट ओढत असतील तर पोरं खोकणारच.


हवामापक

आकडेमोड काका, तुम्ही घेतलेले आक्षेप तिथेही घेतले गेले. आरएसव्ही नावाच्या विषाणूची साथ वर्षाआड कमी-जास्त येते, त्यामुळेच आकडे हलले, असं काही अभ्यासकांनी लिहिलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सिगारेटचं आधी. युटा खोऱ्यात बहुसंख्य लोक मॉर्मन पंथाचे, त्यांच्यात तंबाखू वर्ज्य. धूम्रपान देशात सर्वांत कमी असलेल्या भागांपैकी तो एक. त्यामुळे सिगारेटवर बोट ठेवता येत नव्हतं.

साथीचं आणि थंडीचं. त्याच राज्यात कॅश व्हॅली म्हणून दुसरं खोरं आहे. थंडी तशीच, लोक तसेच, पोलाद कारखाना मात्र नाही. तिथल्या रुग्णालयांत बंद-चालूचा हा चढउतार दिसला नाही. विषाणू काही कारखान्याच्या गेटवरची पाटी वाचून येत नाही.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती मी हाताने करते ते काम आहे. धूळ मोजायचं यंत्र म्हणजे मुळात एक पंप आणि एक पांढरा फिल्टर. पंप दिवसभर ठरलेल्या वेगाने हवा ओढतो, कण फिल्टरवर अडकतात. आम्ही प्रॅक्टिकलला तो फिल्टर चिमट्याने धरतो, बोट लागलं तर घामाने वजन चुकतं. आधी कोरडा करून वजन, नंतर कोरडा करून वजन. फरकाला ओढलेल्या हवेच्या घनमीटरने भागलं की आकडा मिळतो. सकाळी पांढरा लावलेला फिल्टर दुसऱ्या दिवशी राखाडी होऊन हातात येतो, आणि आपण हेच घेत होतो हे तेव्हा कळतं.

युटातले ते जुने फिल्टर कोणीतरी जपून ठेवले होते. बंदच्या आधीचे, बंद वर्षातले आणि नंतरचे. २००१ साली अँड्र्यू घिओ आणि रॉबर्ट डेव्हलिन या संशोधकांनी त्या फिल्टरवरच्या धुळीचा अर्क काढला आणि स्वतःहून तयार झालेल्या निरोगी माणसांच्या फुप्फुसाच्या एका छोट्या भागात दुर्बिणीतून सोडला. तिन्ही काळांतल्या अर्काचं वजन सारखंच. दुसऱ्या दिवशी तो भाग धुऊन तपासला. कारखाना चालू असतानाच्या धुळीने सूज आली. बंद वर्षातल्या धुळीने तेवढी आली नाही. म्हणजे धूळ किती यावर सगळं नव्हतं, धुळीत काय यावरही होतं. चालू काळातल्या धुळीत लोखंड, तांबं, जस्त असे धातू जास्त होते.

नंतर आणखी एक अभ्यास झाला, २००८ साली. बंदच्या काळात गरोदर असलेल्या बायकांमध्ये वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाण कमी होतं. एका हिवाळ्यावरून मोठं म्हणणं मांडू नये हे तुमचं बरोबरच आहे, म्हणून तर वीस वर्षं माणसं तोच हिवाळा वेगवेगळ्या बाजूंनी तपासत राहिली.


आकडेमोड

फिल्टरचं पटलं. जपून ठेवणाऱ्याला नमस्कार.


स्टेथो

लहान मुलांचा डॉक्टर आहे, सोलापुरातच. दोन-तीन गोष्टी घालतो.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड, त्याचा विसावा-पंचविसावा भाग. नाकातले केस, घशातला कफ मोठी धूळ अडवतात. हे कण थेट वायुकोशात पोचतात. म्हणून आजार फुप्फुसावर थांबत नाही, हृदयविकार आणि पक्षाघातही वाढतात. १९९३ साली डग्लस डॉकरी, पोप आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या ८,१११ माणसांची चौदा-सोळा वर्षांची नोंद मांडली. वय, सिगारेट वगैरे बाजूला काढूनही सर्वांत मळक्या शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त. आणि उलट बाजूही आहे. २००९ च्या त्यांच्या अभ्यासात पीएम २.५ घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने उतरलं तिथे सरासरी आयुष्य सुमारे ०.६ वर्षाने वाढलेलं दिसलं. हवा सुधारली की माणसं जगतात.

आपल्याकडे पीएम २.५ च्या वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, २००९ पासून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची शिफारस ५ वर आणली.

आता आपल्या घरातलं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वर खिडक्या बंद, आणि आंघोळीनंतर बाळाला धुरी. माझ्याकडे महिन्या-दीड महिन्याचं बाळ धाप लागून येतं तेव्हा मी पहिला प्रश्न धुरीचा विचारतो. आजी प्रेमाने करते, म्हणून ती दुखावते, पण मला सांगावंच लागतं. ऊब द्या, धूर देऊ नका. कपड्यात गुंडाळा, आईच्या छातीशी धरा. मच्छर अगरबत्तीही बाळाच्या खोलीत नको, मच्छरदाणी लावा.


तेंदूपान

मी कधी लिहीत नाही, आज लिहिते. आई चाळीस वर्षं विड्या वळतेय. दहा बाय बाराची खोली, त्यातच स्वयंपाक, त्यातच आमचा अभ्यास, त्यातच सूप. पानं ओल्या गोणपाटात, तंबाखू सुपात. मे महिन्यातसुद्धा पंखा लावता येत नाही, तंबाखू उडते. खिडकीही पुढे ढकललेली. तंबाखू चाळताना जो गर्दा उठतो त्याने बाहेरून आलेल्या माणसाला लगेच ठसका लागतो. आम्हाला लागत नव्हता, याचं मला लहानपणी कौतुक वाटायचं. आई मांडीत सूप घेऊन बसायची आणि धाकटा भाऊ त्याच मांडीवर डोकं ठेवून झोपायचा.

तुम्ही सगळे शहराच्या हवेचं बोलताय. यंत्र कुठल्या तरी गच्चीवर असतं. आमच्या खोलीत कोण यंत्र लावणार?


हवामापक

अक्का, तुम्ही विचारलंत तोच प्रश्न कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकांना पडला होता. मोजणारे सगळे चिमण्यांकडे बघत होते, आणि जगातली कितीतरी माणसं स्वयंपाकघरात धूर घेत होती. १९८१ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या चार खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावरच छोटे पंप लावले. स्वयंपाकाच्या वेळी ती बाई जी हवा ओढते तीच मोजली. एकूण धूळ घनमीटरला सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास निघाली, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम. वर डॉक्टरांनी लिहिलेल्या मर्यादा बारीक कणांच्या आणि वर्षाच्या सरासरीच्या आहेत, थेट तुलना होणार नाही, पण अंदाज येतो. पुढे त्यांनी चाळीसेक वर्षं हाच विषय लावून धरला, २०२० मध्ये गेले. मोजणी गच्चीवर नाही, माणसाच्या नाकापाशी करायची, हा त्यांचा हट्ट होता. छोटे सेन्सर आता मिळतात. तुमच्या आई हो म्हणाल्या तर मी माझ्या सरांना विचारून एक आठवडा खोलीत ठेवायला आणते. नाव-पत्ता कुठेही येणार नाही.


स्टेथो

एक पुस्ती जोडतो, कारण अर्धी गोष्ट सांगणं बरोबर नाही. चुलीऐवजी गॅस दिला की सगळं लगेच बरं होतं असंही दिसलेलं नाही. भारतासह चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर बायकांवर मोठी चाचणी झाली, आपल्याकडे तमिळनाडूत. गॅस मिळालेल्या घरांत धूर खूपच उतरला. पण २०२२ पासून आलेल्या निष्कर्षांत बाळाचं जन्माचं वजन आणि न्यूमोनिया यांत ठळक फरक मिळाला नाही. माझं मत असं की बाहेरची हवा, आईचं पोषण, गरोदरपणात किती उशिरा गॅस आला, हे सगळं त्यात असणार. धूर वाईट हे त्याने खोटं ठरत नाही. फायदा कधी आणि किती दिसतो, ते सावकाश कळतं. तेंदूपान, आईंना एकदा आणा माझ्याकडे. फुंकून घ्यायची तपासणी पाच मिनिटांची आहे.


फुफाटा

रिक्षा चालवतो, स्टेशन ते सात रस्ता ते विडी घरकुल. शिकलेलो नाही जास्त, पण सकाळची हवा मला नाकाने कळते. जानेवारीत पहाटे साडेपाचला निघालो की वस्तीवर धुराची चादर पसरल्यागत असते, छपराच्या उंचीवर सपाट, वर जातच नाही. ताईंनी खोऱ्यातलं झाकण सांगितलं तसंच. आपल्याकडं डोंगर नाहीत तरी होतं. तो धूर बंबाचा. लै घरांत आंघोळीचं पाणी बंबावरच. लाकूड महाग म्हणून चिंध्या, पुठ्ठे, जुन्या चपला, मागावरचा वेस्टेज, जे मिळेल ते. रबराचा वास आला की डोळ्याला पाणी येतं. नऊ वाजता ऊन चढलं की चादर उठते आणि मग रस्त्याचा फुफाटा सुरू. एकदा खणलेला रस्ता महिनामहिना तसाच.

२०२३ च्या जूनला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा सगळं गाव तिकडं बघत होतं. चिमण्या दिसतात. बंब कुणाला दिसत नाही.


हवामापक

काका, तुम्ही जे "झाकण" बघता त्याला डोंगर लागतच नाहीत. निरभ्र रात्री जमीन पटकन थंड होते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते, वर त्यापेक्षा उबदार हवा राहते. ऊन पडून जमीन तापेपर्यंत ते तसंच राहतं. डोंगरांनी ते फक्त जास्त दिवस टिकतं. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, हवेची मर्यादा न पाळता आलेल्या शहरांचा. त्या यादीत सोलापूर आहे. रस्त्याच्या धुळीवर त्यात बरंच काम असतं. बंबाचं तुम्ही म्हणता ते मी सरांपुढे मांडते.


हजेरीपट

निवृत्त शिक्षक. मूळ प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून लिहितो. ताई, माझ्याकडे एक वस्तू आहे. शाळेचे हजेरीपट शाळेत असतात, पण मी वर्गशिक्षक म्हणून घरी स्वतःची डायरी ठेवायचो. कोण आलं नाही आणि का, हे दुसऱ्या दिवशी मुलाला विचारून लिहायचो. "बहिणीला सांभाळायला", "गावाला", "ताप", "दम". १९८८ पासूनच्या वह्या आहेत, पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्या टाकून. आमची शाळा गिरणगावाच्या कडेला होती. बहुतेक पालक गिरणीत नाहीतर मागावर.

हे कशाला उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. नंतर वाचलं की पोप आणि त्यांचे सहकारी रॅन्सम यांनी १९९२ मध्ये त्याच खोऱ्यातल्या प्राथमिक शाळांची गैरहजेरी तपासली होती. महिनाभराची सरासरी धूळ १०० मायक्रोग्रॅमने वाढली तर गैरहजेरी सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि परिणाम काही आठवडे रेंगाळला. काल रात्री पेटी उघडली. एका मुलाच्या नावापुढे डिसेंबर ते फेब्रुवारी "दम, दम, दम" असं माझ्याच अक्षरात आहे. मी त्याला तेव्हा अभ्यासाचा कंटाळा करतो म्हणून ओरडलो होतो, तेही आठवलं.


पुण्यात_सोलापूरकर

सर, वह्या द्यायच्या आधी एक सांगतो. त्या सहा शहरांच्या अभ्यासावर पुढे अमेरिकेत मोठा वाद झाला. १९९७ मध्ये पीएम २.५ ची पहिली मर्यादा तिथे आली ती बरीचशी याच अभ्यासांच्या जोरावर, आणि उद्योगांच्या बाजूने मागणी झाली की मूळ कागद सगळ्यांना दाखवा. संशोधकांनी नावं उघड करायला नकार दिला, कारण माणसांना तसा शब्द दिला होता. शेवटी एका त्रयस्थ संस्थेतल्या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी बंद दाराआड सगळी आकडेमोड परत केली. २००० साली त्यांचाही निष्कर्ष मूळ निष्कर्षाशी जुळला. आपणही तसंच करू. वह्यांतली नावं झाकून फोटो काढायचे, मूळ वह्या सरांच्याच पेटीत. पुढच्या महिन्यात गावाकडे येतोय, स्कॅनर घेऊन येतो.


टॉवेलवाला

मी पण सांगतो. कॉम्प्रेसरचा पाइप या आठवड्यापासून पाळी सुटल्यावरच लावतोय. कामगार म्हणाले, घरी गेल्यावर नाकातून पांढरं निघणं कमी झालं. व्हॅक्यूमची किंमत विचारून आलो, शेजारच्या दोन शेडवाल्यांनी मिळून घ्यायचं ठरवलंय.


केसपेपरखिडकी (सहा आठवड्यांनी)

उशिरा लिहितेय. जुनी गाठोडी बघायला साहेबांकडे परवानगी मागितली, ती अजून मिळालेली नाही. रुग्णांचे कागद आहेत, असं कोणालाही देता येत नाहीत हे खरंच आहे. भाचीचे सर रीतसर अर्ज करताहेत.

पण रोजच्या केसपेपरबद्दल मी विचारलं. आमच्याकडे पत्त्याच्या रकान्यात आम्ही नुसतं "सोलापूर" लिहायचो, रांग मोठी म्हणून. २१ वर्षं मीच तसं लिहिलं. त्या गाठोड्यांतल्या कित्येक लेकरांचं घर कुठल्या पेठेत होतं, हे आता कुणालाच कळणार नाही. साहेब म्हणाले, पेठ आणि चौक लिहायला कोणाची हरकत आहे? बाकी काही विचारायचं असेल तर आईने सांगितलं तरच, आणि ते समासात. म्हणून आता मी पूर्ण पत्ता लिहिते आणि एकच प्रश्न जास्त विचारते, घरात कशावर पेटतं. एका माणसामागे वीस सेकंद लागतात, मी घड्याळ लावून बघितलं.

ज्या लेकराबद्दल वर लिहिलं होतं, ते काल परत आलं, फेरतपासणीला. गाल भरलेत, खिडकीच्या काचेवर हात आपटत होतं. आईला विचारलं, स्वयंपाक कशावर? गॅसवर, म्हणाली. पाणी? पाणी बंबावर. बंब कुठे असतो? दारातच, याच्या पाळण्याच्या बाजूला, थंडीत तेवढीच ऊब मिळते त्याला.

पुढचा नंबर पुकारायच्या आधी मी समासात लिहिलं: बंब, दारात, रोज सकाळी, चिंध्या. आणि डॉक्टरांना दिसावं म्हणून खाली दोन रेघा ओढल्या.